नाव नॅनोबाई, हाती काय?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी फलटण तालुक्यातील एका गावात राहते. गव्हासाठी युरिया आणायला गेलेल्या माझ्या मिस्टरांना दुकानदाराने गोण्यांबरोबर नॅनो युरियाच्या तीन बाटल्या घ्यायला लावल्या आणि एका बाटलीत एका गोणीचे बळ असते, असे सांगितले. सासूबाई ओळखीच्या एका बाईकडून घेतलेले ‘नॅनो सिल्व्हर’चे थेंब रोज सकाळी पाण्यातून घेतात. दिरांनी साडेतीनशे रुपये देऊन मोबाईलच्या काचेवर ‘नॅनो लिक्विड’ लावून घेतले, आणि लशीतून नॅनो चिप शरीरात सोडली, असेही तेच ठासून सांगतात. आठवीतल्या मुलीला ‘घरातील नॅनो तंत्रज्ञान’ या विषयावर प्रकल्प करायचा आहे. यात खरे किती आणि थापा किती, हे मला तिला सांगता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, फलटण

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या एकाच घरात हा शब्द खतात, थेंबांत, मोबाईलवर आणि अफवेत असा चार ठिकाणी येऊन बसला आहे, आणि चारही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. म्हणून आधी शब्दाचेच पाहू. नॅनो हे एक माप आहे. मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोक्याचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. आपले नख दर सेकंदाला जवळपास एक नॅनोमीटर वाढते. ढोबळमानाने १ ते १०० नॅनोमीटर या टप्प्यातील रचना मुद्दाम घडवायच्या आणि त्या आकारामुळेच जे गुण येतात त्यांच्याकडून काम करून घ्यायचे, याला नॅनो तंत्रज्ञान म्हणतात. हा शब्द १९७४ मध्ये जपानमधील नोरिओ तानिगुची यांनी प्रथम वापरला, तो यंत्रकामातील बारकाव्याची हद्द सांगण्यासाठी. ‘पावशेर आहे’ एवढ्यावरून ते साजूक तूप आहे की डालडा, हे जसे कळत नाही, तसे ‘नॅनो आहे’ एवढ्यावरून त्या वस्तूविषयी काहीच कळत नाही. आपल्याला विकणाऱ्याची सगळी कमाई मात्र हे न कळण्यावर चालते.

आकार लहान झाल्याने नेमके होते काय, हे स्वयंपाकघरातही दिसते. खडीसाखरेचा खडा दुधात टाकला तर तो तळाशी बसून राहतो. त्याच वजनाची पिठीसाखर क्षणात विरघळते. साखर तीच, पण दुधाला भिडणारा तिचा पृष्ठभाग वाढला. आता एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे एकेक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर होतो, म्हणजे सुमारे ५९ गुंठे. बोटाच्या पेराएवढ्या खड्यातून जवळपास दीड एकर रान निघते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात, त्यामुळे एरवी सुस्त असणारा पदार्थ या आकारात चपळ होऊ शकतो. काही पदार्थांचे रंगसुद्धा बदलतात. सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात पिवळे न दिसता माणकासारखे तांबडे दिसतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये लंडनमध्ये असे तांबडे द्रावण तयार करून त्याचा अभ्यास मांडला होता.

हे तांबडे सोने आपण बहुधा पाहिलेले आहे. करोनाच्या काळात रॅपिड अँटिजेन चाचणीच्या पट्टीवर जी तांबूस रेघ उमटत असे, किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवर जी उमटते, ती पुष्कळ पट्ट्यांमध्ये सोन्याच्या नॅनोकणांमुळे दिसते. प्रत्येक कणावर विशिष्ट रेणूलाच धरून ठेवणारी प्रथिने चिकटवलेली असतात. तो रेणू नमुन्यात असेल तर कण ठरलेल्या जागी अडकून गोळा होतात आणि रेघ डोळ्यांना दिसू लागते. पन्नास-साठ रुपयांच्या त्या खोक्यावर नॅनो हा शब्द सहसा कोठेही छापलेला नसतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. येथे ती उलटी झाली आहे: हाती खरे सोने आहे आणि नावाचा पत्ता नाही.

आणखी एक फरक मुलीला समजावून सांगावा. नॅनो आकाराचा कण सापडला म्हणजे तेथे नॅनो तंत्रज्ञान आहे, असे होत नाही. समईच्या ज्योतीवर वाटी धरून आपण काजळ पाडतो, त्या काजळीचे मूळ कण शंभर नॅनोमीटरपेक्षा लहानच असतात. चुलीच्या धुरातही ते असतात. म्हणून आपल्या आज्या नॅनो तंत्रज्ञ होत्या, असे कोणी म्हणत नाही. आयुर्वेदिक भस्मांत सूक्ष्मदर्शकाखाली नॅनोकण आढळतात, हेही खरे आहे. परंतु त्यावरून भस्म गुणकारी आहे किंवा निर्धोक आहे, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी औषधाची जी वेगळी परीक्षा असते, तीच द्यावी लागते.

आता मिस्टरांच्या तीन बाटल्यांकडे येऊ. यात आपला पैसा आणि पीक दोन्ही गुंतलेले आहे, म्हणून येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. नॅनो युरिया हा इफ्को या सहकारी संस्थेने आणलेला द्रवरूप पदार्थ असून २०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशाखाली त्याला मान्यता दिली. अर्धा लिटरची बाटली २२५ रुपयांना आणि ४५ किलोची अनुदानित युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, असे भाव आपण ऐकले असतील. उत्पादकाचा दावा असा की, कण अतिसूक्ष्म असल्याने ते पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरील बारीक छिद्रांतून, थेट पानात शिरतात, वाया जात नाहीत आणि म्हणून एक बाटली एका गोणीची जागा घेऊ शकते. शेतकऱ्यांच्या शेतांवरील चाचण्यांत सरासरी ८ टक्के उत्पादनवाढ दिसल्याचेही संस्थेने म्हटले आहे.

आता हिशेब करू. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र. मूळ नॅनो युरियात ४ टक्के नत्र असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० ग्रॅम. किलो आणि ग्रॅम पुन्हा एकदा वाचा. जमिनीत टाकलेल्या युरियातील निम्म्याहून अधिक नत्र हवेत उडून किंवा पाण्याबरोबर वाहून वाया जाते, ही तक्रार रास्त आहे. तरीही तिसरा हिस्सा जरी पिकाला मिळाला, तरी तो सहा-सात किलो होतो, आणि बाटलीतील थेंब न् थेंब पानाने शोषला तरी तो वीस ग्रॅमच राहतो. नंतर आलेल्या नॅनो युरिया प्लसमध्ये नत्राचे प्रमाण २० टक्क्यांवर नेले आहे. म्हणजे बाटलीमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम. पीक नत्राचे प्रथिन बनवते, आणि वीस ग्रॅम नत्रातून वीस किलो नत्राचे प्रथिन कोणत्याही आकाराच्या कणाला बनवता येत नाही. आकाराने वेग बदलतो, गुण बदलतात. वस्तुमान वाढत नाही.

दुसरा मुद्दा पर्णरंध्रांचा. ती रंध्रे काही हजार नॅनोमीटरची असतात, आणि साधा युरिया पाण्यात विरघळला की त्याचा प्रत्येक रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो. त्याहून लहान करायचे ते काय? आपल्याकडे शेतकरी कित्येक वर्षांपासून २ टक्के युरियाची फवारणी करत आले आहेत. पंधरा लिटरच्या पंपात ३०० ग्रॅम युरिया टाकला की त्यात १३८ ग्रॅम नत्र जाते. त्याच पंपात लिटरला ४ मिलि या प्रमाणात मूळ नॅनो युरिया टाकला तर २.४ ग्रॅम जाते. कोपनहेगन विद्यापीठातील दोन शास्त्रज्ञांनी याच प्रकारचे आक्षेप जाहीरपणे घेतले आहेत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे शेतात प्रयोग केले. नत्राची मात्रा कमी करून त्या जागी नॅनो युरिया फवारल्यावर भात आणि गहू दोन्हींच्या उत्पादनात घट आली आणि धान्यातील प्रथिनही घटले. दुसऱ्या बाजूला अनुकूल निष्कर्षही मांडले गेले आहेत, आणि संस्था आपल्या दाव्यावर ठाम आहे. माझे मत विचाराल तर, ही बाटली विष नाही आणि फसवणूक म्हणून फेकून देण्याचीही गरज नाही; पण ‘बाटली म्हणजे गोणी’ हे वाक्य गणितात टिकत नाही आणि त्या वाक्यावर विसंबून गव्हाची गोणी कमी करू नये.

बाटल्या घरात आल्याच आहेत, तर त्यांचा असा उपयोग करा. वरच्या बांधालगत पाच गुंठ्यांचा तुकडा निवडा, तेथे नेहमीची खते पूर्ण मात्रेत देऊन वर नॅनो युरिया फवारा. शेजारच्या पाच गुंठ्यांत खते तीच ठेवून फवारणी टाळा. कापणीला दोन्ही तुकड्यांचा गहू वेगळा मळून काट्यावर घाला. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा, आणि खरे तर माझ्याही लिहिण्यापेक्षा, तो काटा आपल्या जमिनीविषयी अधिक सांगेल. फवारताना तोंडा-नाकावर मास्क असावा आणि वाऱ्याकडे पाठ असावी, हे कोणत्याही फवाऱ्याला लागू आहे. राहिला प्रश्न गोणीबरोबर बाटली गळ्यात मारण्याचा. याला सगळीकडे लिंकिंग म्हणतात आणि ते नियमाला धरून नाही. पुढच्या वेळी पक्की पावती मागा, प्रत्येक वस्तू तिच्यावर वेगळी लिहून घ्या आणि पावतीसह तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तोंडी भांडणातून काही निष्पन्न होत नाही, असा माझा अनुभव आहे.

सासूबाईंचे थेंब मात्र आजच बंद करावेत. चांदी जंतूंना मारते, हे शंभर टक्के खरे आहे. भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलम लावतात. पाण्याच्या काही फिल्टरांतही चांदीचे नॅनोकण असतात. पुण्यातील टाटा संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेपासून गाळणी तयार केली होती, त्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हा विजेशिवाय चालणारा फिल्टर बाजारात आला. तो जंतूंसाठी होता. पाण्यातील क्षार अशा गाळणीने जात नाहीत, हे बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पण या सर्व ठिकाणी चांदी शरीराबाहेर राहून, मोजक्या प्रमाणात काम करते. ती रोज पिण्याने प्रतिकारशक्ती वाढते, याला आधार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच स्पष्ट केले होते की, दुकानात मिळणारी अशी चांदीची द्रावणे कोणत्याही आजारावर सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत. चांदी दीर्घकाळ पोटात गेली तर ती त्वचेत साठून त्वचा निळसर राखाडी होऊ शकते. या विकाराला आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा परत जात नाही. शिवाय थायरॉइडच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविके यांच्या शोषणात चांदी आडवी येते. सासूबाईंना आपण थेट ‘फसलात’ असे म्हणू नये. ज्येष्ठांना औषधापेक्षा औषध देणारे माणूस जवळचे वाटते. बाटली घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्यावे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्याव्यात, म्हणजे बंद करायला सांगणारे तोंड सुनेचे राहणार नाही.

चांदीवरून आठवले म्हणून सांगतो, वास न येणारे चांदीचे मोजेही बाजारात असतात. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये असे मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काही जोड्यांतील जवळपास सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात उतरली. पैसे मोज्याचे दिले आणि चांदी गटाराला मिळाली.

दिरांच्या मोबाईलवर लावलेला पातळ थर बहुधा खरोखर आहे. तो पाणी आणि बोटांचे तेलकट ठसे काही महिने दूर ठेवतो. पण बहुतेक फोनच्या काचेवर असा थर कारखान्यातच दिलेला असतो. दुकानदार ‘९ एच कडकपणा’ म्हणतो, तो हिऱ्याला दहा मानणाऱ्या मोजपट्टीवरचा नऊ नव्हे. एच ही पेन्सिलीची श्रेणी आहे आणि ९ एच म्हणजे सर्वांत कडक शिशाने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. केसाच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही पातळ असलेला थर फोन फरशीवर आपटल्याचा दणका कोठे साठवून ठेवील? त्याच साडेतीनशेत जाड काच आणि रबरी कव्हर आले असते. आणि नुसते नाव कोठवर नेते याचा एक मासला जर्मनीत घडला. २००६ च्या मार्चमध्ये ‘मॅजिक नॅनो’ नावाचा, स्नानगृहाच्या फरशा-काचांवर मारायचा फवारा तेथे विक्रीला आला आणि काही दिवसांतच सुमारे शंभर लोकांना श्वासाचा त्रास झाला. काहींना फुप्फुसात पाणी झाल्याने रुग्णालयात ठेवावे लागले. नॅनो तंत्रज्ञानाचा पहिला अपघात म्हणून जगभर ओरड झाली. तपासणी झाली तेव्हा त्या फवाऱ्यात नॅनोकण नव्हतेच, असे निघाले. नाव होते, त्रास होता, नॅनो नव्हते. अतिसूक्ष्म थेंब फुप्फुसात खोलवर जातात, हा धडा मात्र खराच आहे. म्हणून बंद खोलीत कोणताही फवारा मारू नये, त्याचे नाव काहीही असो.

चिपबद्दल थोडक्यात सांगतो. नोटाबंदीनंतर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप असून जमिनीखाली १२० मीटर खोल पुरलेली नोटही उपग्रहाला दिसते, अशी बातमी फिरली होती. ती नोट चलनातून मागे घेतली गेली तरी चिप कोणाला सापडली नाही. लशीची अफवा त्याच कुळातली आहे. ठावठिकाणा पाठवायचा तर वीज हवी आणि लहरींच्या लांबीच्या प्रमाणात ॲन्टेना हवा. जीपीएसच्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. सुईच्या भोकातून जाणाऱ्या द्रवात हे मावत नाही. या अफवेला एक खरा धागा आहे, तो दिरांना जरूर सांगा. फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशींमध्ये नॅनोकण असतातच, पण ते चरबीचे, साधारण शंभर नॅनोमीटरचे थेंब असतात. आतील एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा नाजूक रेणू, पेशीत पोहोचेपर्यंत मोडू नये, म्हणून त्याला घातलेले ते वेष्टण आहे. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लशी त्या प्रकारच्या नव्हत्या; पहिलीत निरुपद्रवी केलेला विषाणू वाहक म्हणून होता आणि दुसरीत मृत विषाणू.

मुलीच्या प्रकल्पासाठी बाजारातून काहीही आणू नका. चाचणीची पट्टी आहेच. सनस्क्रीनच्या नळीवरील घटकांत झिंक ऑक्साइड आहे का, ते तिला वाचायला सांगा. क्रिकेटपटू नाकावर जो पांढरा पट्टा ओढतात, त्यातही तेच असते. कण मोठे असले की पांढरे दिसते, नॅनो आकाराचे केले की त्वचेवर दिसत नाही आणि अतिनील किरण तरीही अडतात. हे कण त्वचेच्या वरच्या मृत थरातच थांबतात, असे आजवरच्या बहुतेक अभ्यासांत दिसले आहे. क्रीम घ्यावे, स्प्रे टाळावा, एवढे पुरे. युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांतील अशा घटकापुढे ‘नॅनो’ असे छापणे बंधनकारक आहे. परसात गवती चहाचे बेट असेल तर त्याचाही एक फोटो लावा: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००४ मध्ये गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षारात मिसळून सोन्याचे सपाट त्रिकोणी नॅनोकण मिळवले होते.

सर्वांत चांगला प्रयोग अळूचा आहे. ‘अळवावरचे पाणी’ हे आपण बोलण्यात वापरतो, पण ते पाणी ठरत का नाही, याचे उत्तर पानाच्या पृष्ठभागावर आहे: तेथे सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यावर नॅनो आकाराच्या मेणाची दाट लव असते. थेंब त्या टोकांवर अधांतरी बसतो, खाली हवा राहते, आणि पान कलते केले की तो धूळ गोळा करत घरंगळतो. कमळाच्या पानाचेही तसेच; जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९० च्या दशकात ही करामत उलगडून दाखवली आणि त्यावरून आपोआप स्वच्छ होणारे रंग तयार झाले. मुलीला एक ताजे पान घेऊन त्याचा अर्धा भाग बोटाने दाबून चांगला चोळायला सांगा आणि दोन्ही भागांवर ड्रॉपरने एकेक थेंब ठेवून मोबाईलवर चित्रण करू द्या. न चोळलेल्या बाजूला मोती दिसेल, चोळलेल्या बाजूला पाणी पसरेल, कारण ती लव मोडलेली असेल. अळूने हात खाजतात, तेव्हा आधी बोटांना थोडे खोबरेल लावायचा मोह होईल. तो टाळा, नाहीतर तेलामुळे प्रयोग बिघडेल. प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून चोळावे, आणि उरलेल्या पानांच्या वड्या कराव्यात.